ध्यानाला बसलं की उलट धडधडच वाढते, माझ्यात काही बिघडलंय का?

हा प्रश्न मला इथे इंग्लंडमध्ये मराठी माणसं सारखी विचारतात, आणि विचारताना आवाज खाली जातो, काहीतरी लाजिरवाणं सांगितल्यासारखा. तर आधी उत्तर देऊन टाकते. नाही, तुमच्यात काही बिघडलेलं नाही. श्वासावर लक्ष ठेवलं की बऱ्याच लोकांना शांत वाटतं आणि काहींना चक्क घाबरायला होतं, दोन्ही खरं आहे. ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांनी २०१७ मध्ये यावर मोठा पेपर लिहिला, ध्यान करणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन, त्यात भीती वाटणं, झोप उडणं, आपण आपल्यापासूनच तुटल्यासारखं वाटणं असं सगळं आहे. पण ऑफिसनं फुकट दिलेल्या अ‍ॅपवर हे कोण सांगणार?

मीनलची गोष्ट सांगते (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, तिला विचारून लिहितेय). मूळची नागपूरची, इथे रेडिंगला आयटीत, नवरा आणि छोटी मुलगी. ऑफिसात सगळ्यांना मेडिटेशन अ‍ॅप मिळालं, शिवाय दुपारी वीस मिनिटांचं सेशन, डोळे मिटा, श्वास बघा, विचार आले तर येऊ द्या. बाकीचे बाहेर येऊन म्हणायचे की काय मस्त वाटलं, आणि ही टॉयलेटमध्ये जाऊन भिंतीला हात टेकून उभी, छाती धडधडतेय, हाताला घाम. तरी सोडलं नाही, उलट रात्री घरी पण करायला लागली, कारण तिला वाटलं सराव कमी पडतोय.

आणि त्रास एवढाच नव्हता. पहिल्याच भेटीत मला म्हणाली, "ताई, आजोबा ५६ ला दीक्षाभूमीवर होते, आमच्या घरी रोज वंदना व्हायची, आम्ही बुद्धाची माणसं, आणि मलाच ध्यान जमून नाही राहिलं. या गोऱ्या लोकांना जमतं, मला नाही." हे बोलताना ती रडली. तोवर धडधडीबद्दल अगदी कोरड्या आवाजात सांगत होती, एखाद्या बगचा रिपोर्ट द्यावा तसं.

मी तिला पहिल्यांदा अ‍ॅप बंद करायला सांगितलं. दुसरं, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन, हार्ट सगळं बघून घ्यायला सांगितलं, कारण धडधड म्हटलं की लगेच मनाचं आहे असं धरून चालणं बरोबर नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. रिपोर्ट नॉर्मल आले. मग मी विचारलं, डोळे मिटून श्वास बघतेस तेव्हा नेमकं काय दिसतं? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "बाबांचा मास्क."

एप्रिल २०२१. नागपूरला दुसरी लाट, वडील ऑक्सिजनवर. भारत त्याच महिन्यात ब्रिटनच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे कोविडमुळे प्रवासावर कडक निर्बंध असलेल्या देशांच्या यादीत, गेला, परत येताना हॉटेलात दहा दिवस क्वारंटाइन, आणि ही सात महिन्यांची गरोदर. जाणं झालंच नाही. व्हिडिओ कॉलवर वडिलांचा एकेक श्वास बघत बसायची, तो कधी वर जातोय, कधी अडकतोय. नंतर ते गेले, मग बाळंतपण, मग मुलीची जागरणं, मग ऑफिस, यात रडायला वेळच मिळाला नाही. आता सांगा, अशा बाईला कोणी प्रेमानं जरी म्हणालं की फक्त श्वासाकडे बघ, तर तिचं शरीर दुसरं काय करणार! जी जागा दुसऱ्यांसाठी शांत आहे तीच तिच्यासाठी हॉस्पिटलची खोली होती.

इथे थोडं मागे जाऊन सांगते, म्हणजे हा प्रकार ऑफिसापर्यंत आला कसा ते कळेल. १९७९ ला अमेरिकेत वुस्टरच्या मेडिकल स्कूलमध्ये जॉन कबाट-झिन यांनी काही आठवड्यांचा कोर्स सुरू केला, जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी, ज्यांना औषधांनी फारसा फरक पडत नव्हता. झेन (जपानमधली बौद्ध ध्यानपरंपरा) आणि विपश्यनेतून घेतलेलं, पण हॉस्पिटलात सगळ्यांना चालावं म्हणून धर्माची भाषा बाजूला ठेवलेली. त्यावरून मार्क विल्यम्स, जॉन टीझडेल, झिंडेल सीगल या मानसशास्त्रज्ञांनी वारंवार डिप्रेशन येणाऱ्यांसाठी वेगळा कोर्स बांधला आणि २००४ मध्ये कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या इथल्या नाइस या सरकारी संस्थेनं त्याची शिफारस केली. या कोर्सेसनी लोकांचं भलं झालेलं मी स्वतः बघितलंय, मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. पण तिथे शिक्षक समोर असतो, कोर्सच्या आधी बोलून घेतो, अलीकडे काय झालं, कोण गेलं, झोप कशी आहे. अ‍ॅपमध्ये यातलं सगळं गळून जातं आणि फक्त आवाज उरतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण माणसाकडे बघून पद्धत ठरवणं हे बुद्धाच्या शिकवणीत अगदी मुळात आहे.

मीनलला मी संयुत्त निकायातली, म्हणजे बुद्धवचनांच्या एका पाली संग्रहातली, वेसालीची (वैशालीची) गोष्ट सांगितली, तिला ती माहीत नव्हती. बुद्धांनी भिक्खूंना शरीराच्या अशुभ बाजूवर चिंतन शिकवलं आणि बुद्ध स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. इकडे त्या चिंतनानं भिक्खूंना शरीराची इतकी किळस आली की काहींनी जीव दिला. परत आल्यावर बुद्धांनी विचारलं, संघ एवढा कमी का दिसतोय? त्यांचा शिष्य आनंद यानं कारण सांगितलं आणि विनंती केली की दुसरी काही पद्धत सांगा, तेव्हा बुद्धांनी आनापानसती शिकवली, म्हणजे श्वासाचं ध्यान. जे आहेत त्यांना तुम्ही कमी पडलात, अजून जोर लावा असं नाही म्हणाले, पद्धत बदलली. मीनल ऐकून म्हणाली, "म्हणजे त्यांच्यासाठी श्वास बरा होता आणि माझ्यासाठी नाही, एवढंच?" हो गं बाई, एवढंच.

मग आम्ही बदल केले. डोळे उघडे. बसायचं नाही, चालायचं, थेम्सच्या काठानं, लक्ष तळपायावर, टाच टेकली, बोटं टेकली. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे ध्यानावरच्या बुद्धांच्या प्रवचनात, चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं चारही सांगितलेत, त्यामुळे चालणं म्हणजे काही सवलत नव्हे, तेही तितकंच ध्यान आहे हे तिला पटायला वेळ लागला. वेळ अगदी थोडा, आणि धडधड सुरू झाली तर लगेच थांबून आजूबाजूच्या पाच गोष्टी बघायच्या, मोठ्यानं नावं घ्यायची. मज्झिम निकाय या दुसऱ्या पाली संग्रहात विचार छळत असतील तर काय करावं त्याचे पाच उपाय दिलेत, त्यात पहिलाच आहे लक्ष दुसऱ्या चांगल्या गोष्टीवर नेणं, आणि दात-ओठ खाऊन मन दाबणं सगळ्यात शेवटी येतं. आपण उलट करतो, शेवटचा उपाय पहिल्या दिवशी.

पण खरं काम ध्यानाचं नव्हतंच, ते दुःखाचं होतं. कित्येक भेटी आम्ही फक्त बाबांबद्दल बोललो. ते नागपूरच्या उन्हात १४ एप्रिलला मिरवणुकीत कसे पुढे असायचे, शेवटच्या कॉलवर काय बोलले, आणि "मी गेले नाही" हे वाक्य जे ती रोज स्वतःला ऐकवत होती. ते वाक्य तिनं माझ्यासमोर पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं तेव्हा मी काही समजावलं नाही, फक्त विचारलं की बाबा असते तर सात महिन्यांच्या पोटुशी लेकीला त्या लाटेत ये म्हणाले असते का? खूप वेळानं म्हणाली, "रागावले असते."

मध्ये ती नवरा आणि मुलीला घेऊन लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या आंबेडकर हाऊसला जाऊन आली, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिलेलं घर, तिच्या वडिलांना बघायचं होतं ते. घरी वंदना परत सुरू केली, मोठ्यानं, मुलीला शेजारी बसवून. गंमत म्हणजे वंदनेत तिला कधीच घाबरायला झालं नाही, आवाजात लक्ष राहतं आणि श्वास आपोआप लांब होतो, तिकडे बघावं पण लागत नाही. मी तिला म्हटलं, हे लहानपणापासूनचं तुझंच आहे, ऑफिसच्या अ‍ॅपपुढे याला कमी समजू नकोस.

ऑफिसबद्दल पण बोललो, कारण दोन माणसं सोडून गेली आणि त्यांचं ऑन-कॉल हिच्याकडे आलं होतं. रात्री दोनला फोन वाजत असेल तर झोपेचा प्रश्न श्वासानं सुटत नाही, मॅनेजरशी बोलूनच सुटतो. ती बोलली, थोडं कमी झालं, पूर्ण नाही.

आता ज्यांना असाच त्रास होतोय त्यांच्यासाठी. ध्यानानंतर तासन् तास घाबरल्यासारखं राहत असेल, झोप उडाली असेल, जुनी दृश्यं परत दिसत असतील, आजूबाजूचं जग खोटं वाटत असेल, तर थांबा आणि जीपीला किंवा समुपदेशकाला सांगा, आणि जीव नकोसा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मदत घ्या. चालू गोळ्या ध्यानासाठी स्वतःच्या मनानं बंद करू नका. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या फॉर्मवर मानसिक त्रासाबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा. कोर्स करायचाच असेल तर शिक्षकाला आधी तीन गोष्टी विचारा: डोळे उघडे ठेवले तर चालेल का, श्वासाऐवजी दुसऱ्या कशावर लक्ष ठेवता येईल का, आणि मध्येच उठून बाहेर जाता येईल का. तिन्हीला सरळ हो मिळालं नाही तर दुसरा शिक्षक शोधा, इथे ब्रिटनमध्ये बाम्बा या संस्थेकडे प्रशिक्षित शिक्षकांची यादी असते. मीनलनं मागच्या वर्षी असाच एक आठ आठवड्यांचा कोर्स केला, बॉडी स्कॅनमध्ये (शरीराच्या एकेका भागावर क्रमानं लक्ष नेणं) छातीचा भाग आला की ती लक्ष पायांवर न्यायची, शिक्षिकेला आधीच सांगून ठेवलं होतं.