जुना रेंजफाइंडर आणि घरची दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर) : मामांनी एके काळी वापरलेला यशिका इलेक्ट्रो 35 जीएसएन कॅमेरा कपाटात चामड्याच्या केसमध्ये सापडला. शटर पडते, पण दिवे लागत नाहीत. शिवाय लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसते. घरी काही करता येईल का?

उत्तर : बरेच काही करता येईल, परंतु ते क्रमाने करावे. दिवे लागत नाहीत एवढ्यावरून कॅमेरा निकामी झाला असे समजू नये. 1973 मध्ये आलेल्या या मॉडेलचे शटर इलेक्ट्रॉनिक आहे आणि सेल नसताना ते 1/500 सेकंद या एकाच वेगाने पडते. तुम्हाला ऐकू येते ते तेच. मूळ सेल पाऱ्याचा, 5.6 व्होल्टचा होता आणि तो आता मिळत नाही. त्याच्या जागी 6 व्होल्टचा 4एलआर44 सेल चालतो. तो मूळ सेलपेक्षा बारीक आणि आखूड असल्यामुळे भोवती जाड कागदाची नळी गुंडाळावी व उरलेली लांबी टॉर्चमधल्या स्प्रिंगने भरून काढावी. व्होल्टेजमधला हा किरकोळ फरक निगेटिव्ह फिल्मवर जाणवत नाही.

सेल बसवल्यावर मागचे तपासणीचे बटण दाबावे आणि हिरवा दिवा लागतो का ते पाहावे. लागला नाही तर सेलच्या कप्प्यातले आणि झाकणाच्या आतले संपर्क पाहावेत. तिथे हिरवट-पांढरा थर असणारच, कारण असे कॅमेरे बहुधा सेल आतच ठेवून विसरले गेलेले असतात. कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन तो थर पुसावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा कोरडी करावी. काडी दमट असावी, निथळती असू नये. एवढे करूनही दिवा लागला नाही, तर खालची पट्टी उघडून कप्प्यापासून निघणारी तार पाहावी. सेलमधून झिरपलेले द्रव्य तारेच्या आवरणाखालून वर चढते, त्यामुळे बाहेरून धड दिसणारी तार आतून हिरवी भुकटी झालेली असते. नवी तार डाखून घेण्याचे काम रेडिओ किंवा मोबाईल दुरुस्त करणारा कोणताही कारागीर करून देईल.

यानंतर फिल्म पुढे सरकवण्याचा खटका सावकाश ओढावा आणि कान द्यावा. ओढताना आतून एक स्पष्ट ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो येत नसेल तर आतली रबराची छोटी गादी विरघळून गेली आहे, आणि मग दिवे लागले तरी एक्स्पोजरवर विश्वास ठेवता येत नाही. ही गादी बदलण्यासाठी कॅमेऱ्याचा गाभा उघडावा लागतो. पहिल्याच प्रयत्नात मामांच्या कॅमेऱ्यावर हात चालवू नये, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

आता ते जाळे. ती बुरशी आहे, आणि तुमच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचा पावसाळा पाहता तिचे नवल नाही. समोरच्या काचेच्या बाहेर असेल तर ती अल्कोहोलने निघते. आतल्या काचांवर थोडीशीच असेल तर मी ती तशीच राहू देईन. उजेडाकडे तोंड करून काढलेल्या छायाचित्रात थोडा फिकेपणा येतो, एरवी फरक कळत नाही. बुरशीने काचेवरचे कोटिंग खाल्ले असेल तर कितीही पुसले तरी ते परत येत नाही. चामड्याची केस मात्र आजच वेगळी करावी, कारण ती ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून कॅमेरा ठेवावा. आपल्याकडे कपड्यांत ठेवतात तसा कापूर किंवा डांबराच्या गोळ्या शेजारी ठेवू नयेत. त्यांची वाफ काचेवर बसते.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : धुऊन आलेल्या रोलमधल्या बऱ्याच छायाचित्रांवर एका बाजूने नारिंगी पट्टे आले आहेत. लेन्स खराब आहे का?

उत्तर : लेन्सचा संबंध नाही. मागच्या दाराच्या खाचांत बसवलेला फोम कालांतराने चिकट काळा गाळ होतो आणि उजेड आत शिरतो, विशेषतः बिजागरीच्या बाजूने. बांबूच्या चपट्या काडीला अल्कोहोल लावून गाळ खरवडावा, आणि हे करताना कॅमेरा तिरपा धरावा म्हणजे कण शटरवर पडणार नाहीत. अरुंद खाचांत विणकामाची काळी लोकर दाबून बसवावी, बिजागरीपाशी पातळ काळा फोम चिकटवावा.

प्रश्न (निपाणी) : माझ्याकडेही इलेक्ट्रो 35 आहे. अंतराचे वर्तुळ अनंतावर लावले तरी दूरच्या टॉवरची पिवळी प्रतिमा मूळ प्रतिमेवर बसत नाही. वरचा स्क्रू फिरवू का?

उत्तर : आधी लेन्स बरोबर आहे का ते ठरवा, मग रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून अंतर ठरवणारी यंत्रणा. मागचे दार उघडून फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवरून सरकते त्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, छिद्र 1.7 वर ठेवा, शटर ‘बी’ वर उघडे धरा आणि भिंगातून कागदावरची प्रतिमा पाहा. टॉवर उलटा दिसेल; त्याच्या सळया रेखीव असतील तर लेन्स बरोबर आहे आणि दोष फक्त रेंजफाइंडरचा आहे.

त्यासाठी वरचे आवरण काढावे लागते. जपानी स्क्रूंची खाच जेआयएस मापाची असते. साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर तीतून निसटून डोके झिजवतो, म्हणून आधी योग्य पेचकस मिळवा. जीएसएन असेल तर हॉट शूची, म्हणजे फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेची, तार आवरणाला डाखलेली असते. आवरण झटक्याने उचलू नका. आडवी जुळणी करणारा स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवून पुन्हा टॉवर पाहा, आणि तो जुळल्यावर एक मीटरवरची वस्तूही जुळते का ते तपासा. आतल्या अर्धपारदर्शक आरशाला कापड किंवा अल्कोहोल कधीही लावू नका, त्याचा मुलामा एका पुसण्यात निघतो आणि पिवळा ठिपका कायमचा फिका होतो. रबरी फुग्याने धूळ उडवा, एवढेच.

प्रश्न (चिकोडी) : कॅनोनेट क्यूएल17 जी3 ला कोणता सेल घालावा?

उत्तर : मूळ सेल 1.35 व्होल्टचा, पाऱ्याचा होता. सामान्य 1.5 व्होल्टचा अल्कलाइन सेल घातल्यास उजेड मोजणारा मीटर चुकतो आणि सेल उतरेल तसा चुकीचा अंदाजही बदलत जातो. श्रवणयंत्राचा 675 क्रमांकाचा झिंक-एअर सेल 1.4 व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. तो आकाराने लहान असल्यामुळे भोवती रबरी वॉशर घालावा. हा सेल काही आठवड्यांतच संपतो, पण मीटर बंद पडला तरी या कॅमेऱ्याचे शटर सर्व वेगांवर यांत्रिकपणे चालते, तेव्हा काम अडत नाही. वरची चिकटपट्टी काढल्यावर सेलला मिनिटभर हवा लागू द्यावी आणि मगच तो आत ठेवावा.