रोज दुचाकीवरून गर्दीच्या रस्त्याने जाताना नाकात जाणारी धूळ खरंच घातक असते का? स्कार्फ पुरेसा आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात रोज दीड तास दुचाकीवर असता, संध्याकाळी नाक पुसलं की रुमाल काळा होतो, पण खोकला नाही, दम लागत नाही. मग लोक उगाच घाबरवतात का, आणि तोंडाला बांधलेला स्कार्फ पुरतो का, असा प्रश्न.

रुमालाची काळजी सोडा. रुमालावर आलं ते बाहेर आलं. नाकाने आपलं काम चोख केल्याची ती पावती आहे. काळजी करायची ती रुमालावर कधीच न येणाऱ्या मालाची. आणि "त्रास होत नाही" यावर फार विसंबू नका, हे मी कामाच्या अनुभवाने सांगतोय.

मी स्वारगेटजवळ एका छातीच्या दवाखान्यात पीएफटी करतो. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, त्यामुळे औषध विचारू नका. पीएफटी म्हणजे फुंकण्याची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि मी शेजारी उभा राहून ओरडतो : "भरून घ्या, भरून घ्या, आता सोडा जोरात, अजून, अजून, थांबू नका!" बाहेर बाकावर बसलेल्यांना आत बाळंतपण चाललंय असं वाटत असणार. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा आमच्या कामाचा आकडा. स्क्रीनवर आलेख उमटतो. धडधाकट माणसाचा आलेख सुळक्यासारखा वर जातो आणि सरळ उताराने खाली येतो. श्वासनळ्या आवळलेल्या असल्या की तोच उतार मधे खचतो, झोळीसारखा. असा खचलेला उतार काढून समोरचा माणूस म्हणतो, "मला काही होत नाही हो, बायकोने पाठवलं."

आता यात रिक्षावाले, हातगाडीवाले, चौकातले दुकानदार बरेच असले तरी त्यांच्यातले कितीतरी जण बिडी-सिगारेट ओढणारे. दोष रस्त्याचा किती आणि बिडीचा किती, हे माझ्या खुर्चीवरून ठरवता येत नाही. म्हणूनच मला लंडनचा एक प्रयोग फार आवडतो. तिथल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्या काळी दिवसा मुख्यतः डिझेलच्या बसेस आणि टॅक्सी धावायच्या. दमा असलेल्या ६० जणांना संशोधकांनी एकदा त्या रस्त्यावर दोन तास चालवलं आणि दुसऱ्या वेळी तीच माणसं तेवढाच वेळ जवळच्या हाइड पार्कमध्ये चालवली. माणूस तोच, पाय तेच, बदलली फक्त हवा. २००७ साली निष्कर्ष छापून आले. रस्त्यावर चालल्यावर तो पहिल्या सेकंदाचा आकडा ६.१ टक्क्यांपर्यंत घसरला होता, बागेतल्यापेक्षा स्पष्ट जास्त. आणि गंमत (गंमत कसली!) अशी, की त्या घसरणीने कुणाला लक्षात येण्याजोगा त्रास झाला नव्हता. फुंकणीला कळलं, माणसाला नाही. ही घसरण सर्वांत सुसंगतपणे जुळली ती काजळी आणि अतिसूक्ष्म कणांशी.

पुढे त्याच दोन ठिकाणी साठीच्या पुढच्यांना चालवलं. काही निरोगी, काही सीओपीडीचे (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार), काही हृदयरोगी. बागेत चालल्याने फुप्फुसं आणि रक्तवाहिन्या यांना जो फायदा होतो, तो रस्त्यावर चालल्यावर बराचसा पुसला गेला. डॉक्टरांनी "रोज चाला" सांगितलं म्हणून सातारा रस्त्याच्या कडेने भर रहदारीत झपाझप चालणारे आजोबा दिसले की मला हे आठवतं.

हे कण म्हणजे नेमकं काय? केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोळ्याला दिसते, चष्म्यावर बसते ती धूळ जाडीभरडी. ती बहुतेक नाकाघशातच अडकते. १० मायक्रॉनच्या आतले कण खाली श्वासनळ्यांत उतरतात. अडीच मायक्रॉनच्या आतले, म्हणजे पीएम २.५, थेट फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. आणि ताज्या धुरातले ०.१ मायक्रॉनहून बारीक कण तिथून रक्तातही शिरू शकतात. म्हणून हा विषय फक्त छातीचा नाही, हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताचाही आहे. कर्करोगावरच्या जागतिक संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि हवेतले कण २०१३ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, तंबाखूच्या धुराच्या रांगेत. रांग एक म्हणजे धोका तेवढाच असं नव्हे. पुरावा तितका पक्का, एवढाच त्याचा अर्थ.

मोबाइलवरच्या एक्यूआयबद्दलही, म्हणजे हवा किती खराब ते सांगणाऱ्या आकड्याबद्दलही, सांगून टाकतो. पीएम २.५ वजनावर मोजतात, एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम असं. २४ तासांसाठी आपली सरकारी मर्यादा ६०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. त्यामुळे आपल्याकडे "समाधानकारक" हिरवं दिसतं, तेव्हा त्यांच्या हिशोबाने ते चौपट असू शकतं. शिवाय आकडा २४ तासांच्या सरासरीचा, आणि यंत्र तुमच्या हँडलवर बसवलेलं नाही. सिग्नलला पुढचा टेम्पो गिअर टाकून काळा भपका सोडतो, तो त्या सरासरीत विरून जातो, तुमच्या छातीत नाही. त्यात अतिसूक्ष्म कणांना वजनच नसल्यासारखं, म्हणून संख्येने कितीही असले तरी या आकड्यात ते फारसे दिसत नाहीत. खडीचा एक दाणा आणि मूठभर पीठ तराजूत सारखं भरावं, तसला प्रकार.

२०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला, डिझेलमधलं गंधक खूप उतरलं, हे खरंच चांगलं झालं. पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. इलेक्ट्रिक गाडीला धूर नाही, तरी टायर झिजतात, रस्ता झिजतो आणि खोदकामाची माती उडते ती उडतेच.

आता स्कार्फ. उन्हासाठी बांधा, जाड धुळीसाठी बांधा. पण सुती कापडाच्या विणीतून हे कण असे जातात जसा डास फाटकातून. मी स्वतः चार वर्षं ओला रुमाल बांधून हिंडलो आणि स्वतःला शहाणा समजत होतो. एन९५ मास्क खरोखर अडवतो, मात्र तो गालाला सगळीकडून घट्ट बसला तर. श्वास सोडल्यावर चष्मा धुकटला, तर वरून फट आहे असं समजा. दाढी असली तरी फट राहते. मी दाढी काढली; घरी यावर अजून दुमत आहे.

मास्कपेक्षाही मला फरक पडला तो रस्ता बदलल्याने. मोठ्या रस्त्यापासून दूर गेलं की अतिसूक्ष्म कण पहिल्या शे-दीडशे मीटरांतच झपाट्याने घटतात. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या रस्त्यात मात्र धूर विहिरीत अडकल्यासारखा घुमत राहतो. मी धनकवडीहून पूर्वी सरळ सातारा रस्त्याने यायचो. आता पद्मावतीपासून आत वळून अरण्येश्वर, सहकारनगर करत येतो. सहा-सात मिनिटं जास्त जातात, वाटेत स्पीडब्रेकर मोजून कंटाळा येतो, पण बस-ट्रकच्या मागे उभं राहणं जवळजवळ संपलं. मुख्य रस्ता टाळणं शक्यच नसेल, तर सिग्नलला निदान मोठ्या गाडीच्या सायलेन्सरमागे थांबू नका, दोन गाड्या मागे राहा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर निघत असाल तर जरा उशिरा निघता येतं का बघा. थंड हवा झाकणासारखी खाली बसलेली असते, ऊन चढलं की ते झाकण उठतं.

दीड तास रोजचा आहे आणि वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर एकदा पीएफटी करून आकडा लिहून ठेवा. आज तो चांगलाच येईल बहुधा. पण पाच वर्षांनी पुन्हा फुंकाल तेव्हा तुलना कशाशी करायची, हे कळायला आजचा कागद लागतो. तपासणीला येताना भरपेट जेवून येऊ नका, इतकं जोरात फुंकवतात की बाहेर येतं सगळं.