माईक चालू करण्याआधी

आमच्या ऑनलाइन गेमच्या स्क्वॉडमध्ये, म्हणजे टीममध्ये आलास, बरं झालं. नेम हळूहळू बसेल. पावसात लाईट जाईल, रेंज जाईल, त्याचीही सवय होईल. माझं सांगणं वेगळं आहे.

आम्ही मालवणातले पाचजण वर्षानुवर्षं एकमेकांशीच खेळलो. आपसात शिव्या चालायच्या. मालवणीत शिवी म्हणजे निम्मं प्रेमच. पण तीच बाहेरच्याला टोचते हे कळायचं नाही, कारण सांगणारा कोणी आत नव्हताच. एकदा एक अनोळखी मुलगी टीममध्ये आली. आवाज ऐकल्याबरोबर आमच्यातला एक घाण बोलायला लागला, बाकीचे हसले. मीही हसलो. दोन मिनिटांत ती निघून गेली.

हे कुठवर जातं? 2014 साली अमेरिकेत गेमरगेट झालं, म्हणजे गेमच्या जगातल्या बायकांना ऑनलाइन छळायची मोहीमच. झोई क्विन गेम बनवणारी, अनिता सार्कीझियन गेममधल्या स्त्रीचित्रणावर टीका करणारी. दोघींना बलात्काराच्या, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. गोळीबाराच्या धमकीनंतर सार्कीझियनने युटा स्टेट विद्यापीठातलं व्याख्यान रद्द केलं. सूर काय, तर गेम आमचे, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये.

तेव्हा कोणी घसरला तर मॅच संपायची वाट बघू नकोस, तिथेच 'गप रे' म्हण. रिपोर्टचं, म्हणजे गेममध्येच तक्रार करायचं बटण आपल्या माणसावरही चालतं. मी दाबलं होतं. तो महिनाभर बोलला नाही, घरी कोंबडी-वडे होते तरी फिरकला नाही.

रविवारी वेंगुर्ल्याच्या दोघी खेळायला येतायत. तू त्यांच्या टीममध्ये जा. हेडफोन मात्र स्वतःचा आण.