इलेक्ट्रिक कारसाठी घरच्या चार्जिंगची जादाची केबल घ्यायची आहे, कंपनीचीच घ्यावी की ऑनलाइन मिळते ती चालेल?

तुम्ही लिहिलंय की राहायला नाशिकच्या इंदिरानगरला, आई-वडील निफाडकडे गावी, दर शनिवारी जाणं होतं आणि प्रत्येक वेळी पार्किंगमधली केबल गुंडाळून डिक्कीत टाकायचा कंटाळा आलाय, एकदा तर ती भिंतीलाच लटकत राहिली आणि तुम्ही गावी. म्हणून एक जादाची गावीच ठेवून द्यायची, पण शोरूमवाल्याने आकडा सांगितला तो ऐकून पोटात गोळा आला आणि ऑनलाइन तसलीच दिसणारी वस्तू बरीच स्वस्त मिळतेय.

मी तीन वर्षं हेच करतोय, फक्त माझं गाव म्हणजे सासुरवाडी, दिंडोरी तालुक्यात. नाशिकच्याच अंबडला इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या शॉपमध्ये कामाला आहे त्यामुळे वायरी-खटक्यांशी रोजचा संबंध, गाड्यांमधला तज्ज्ञ वगैरे नाही. माझं उत्तर असं की घ्या, पण केबल सगळ्यात शेवटी घ्या. आधी ती गावी ज्या सॉकेटला लावणार तो सॉकेट बघा आणि त्याच्यामागचं अर्थिंग बघा. हे उलट्या क्रमाने केलं तर काय होतं ते खाली सांगतो, कारण मी उलट्याच क्रमाने केलं होतं.

आधी ती वस्तू काय आहे ते. आपण तिला चार्जर म्हणतो पण खरा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो, एसीचं डीसी तोच करतो. केबलच्या मध्ये जो डबा असतो तो पहारेकरी. अर्थिंग आहे का बघतो, लिकेज झालं तर सप्लाय तोडतो आणि गाडीला सांगतो की बाई इथून एवढेच अँपिअर ओढ. हे सांगणं पण गंमतशीर आहे, गनमधल्या (गन म्हणजे केबलचं गाडीत खोचायचं टोक) एका छोट्या पिनवरून तो सेकंदाला हजार वेळा बारा व्होल्टचा सिग्नल वर-खाली करतो आणि त्यातला किती वेळ सिग्नल वर राहिला यावरून गाडी ओळखते की १० अँपची परवानगी आहे की १६ ची. म्हणजे गाडी त्या डब्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते. खाली सॉकेट जळतोय की नाही तिला काही पत्ता नसतो. स्वस्त आणि महाग केबलमधला फरक असतो तो या डब्यात आणि पिनटॉपमध्ये (सॉकेटमध्ये खोचायची पिन), रबराच्या जाडीत नाही.

आता ऑनलाइन घेताना लोक कुठे फसतात. आमच्या शॉपमधल्या एकाने 'टाइप २ चार्जिंग केबल' बघून मागवली, चांगली जाडजूड, किंमत पण कमी, खोका उघडला तर दोन्ही टोकांना गन! ती असते बाहेरच्या एसी चार्जिंग पॉइंटला लावायची, तिच्यात डबाच नसतो आणि घरच्या सॉकेटला तर ती लागतच नाही. तुम्हाला हवी ती एका टोकाला आपली तीन पिनांची मोठी १६ अँपवाली पिन, मध्ये डबा, दुसऱ्या टोकाला टाइप २ गन. गनचा फोटो मोठा करून बघा, टाइप २ ला सात भोकं असतात, पाच असतील तर ती टाइप १, आपल्या उपयोगाची नाही. आणि चिनी पद्धतीची एक गन असते तिची रचना पण सातचीच, दिसते सेम, पण नर-मादी उलटं असतं त्यामुळे गाडीत जातच नाही. पिनच्या टोकाला युरोपची गोल दोन पिनांची असेल आणि सोबत 'अडॅप्टर फ्री' लिहिलं असेल तर तो फ्री अडॅप्टरच एक दिवस तुमचा बोर्ड जाळणार हे धरून चाला.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ७.२ किलोवॅट लिहिलेली केबल, डब्यावर बटण, ८-१०-१६-३२ काय हवं ते निवडा, आणि टोकाला पिन मात्र साधी १६ अँपची. ३२ अँप त्या पिनमधून जाऊच शकत नाहीत, म्हणजे जातात हो, पण अर्ध्या तासात वास यायला लागतो. शिवाय तुमच्या गाडीच्या आतला चार्जर ३.३ चा असेल तर ७.२ ची केबल लावून एक मिनिटही वाचत नाही, गाडी तिला पचेल तेवढंच घेते. तेव्हा ३.३ वाली घ्या. त्यात १० अँपवर सेट करायची सोय असेल तर फारच उत्तम, ते का ते पुढे येतं.

आता माझी गोष्ट. पहिल्या दिवाळीला मोठ्या उत्साहात नवी केबल घेऊन सासुरवाडीला गेलो, गोठ्याच्या भिंतीला एक मोठा पॉइंट होता, कडबाकुट्टीचं मशीन त्याच्यावर चालायचं, म्हणलं झालं काम. पिन लावली, डब्यावर लाल लाईट. काढून परत लावली, लाल. मेहुण्याने गावातल्या वायरमनला फोन केला, तो गाडीवरून दहा मिनिटांत हजर, बोर्ड उघडला, आत बघितलं आणि हसला. 'साहेब, काय नाही, एक जंपर मारतो.' हिरव्या वायरचा बोटभर तुकडा छिलला, न्यूट्रलच्या स्क्रूमधून अर्थच्या स्क्रूला जोडला, झाकण लावलं. डब्यावर लाईट हिरवी. सगळे खूश, नाना म्हणजे माझे सासरे चहा टाका म्हणाले, आणि मी, रोज पॅनल बनवणारा माणूस, पाच सेकंद मी पण खूश होतो हे कबूल करतो.

मग डोक्यात प्रकाश पडला. त्या सॉकेटला अर्थिंग नव्हतंच, कधीच नव्हतं, कडबाकुट्टीला कोण विचारतंय. डब्याने बरोबर ओळखलं होतं आणि आम्ही त्या पहारेकऱ्याच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली. आता पावसात पोलावरचा न्यूट्रल तुटला, गावात हे काही नवल नाही, तर घरातल्या फ्रिज-बल्बमधून फेज त्या न्यूट्रलवर उलटा येतो, जंपरमधून अर्थच्या पिनेत आणि तिथून सरळ गाडीच्या बॉडीवर. गाडी उभी रबराच्या टायरवर, म्हणजे करंट जमिनीत जायला वाट नाही, तो तुमची वाट बघत बसतो. अनवाणी ओल्या जमिनीवरून येऊन कोणी दाराचा हँडल धरला की संपलं. आणि हा करंट अर्थच्या वायरनेच आलेला असल्यामुळे डब्यातलं लिकेज पकडणारं यंत्र त्याला पकडेलच असं पण नाही. मी झाकण उघडून तो तुकडा काढला, वायरमन नाराज झाला, चहा मात्र पिऊन गेला.

तर तुमच्या गावी कोणी जंपर म्हणलं, किंवा ऑनलाइन जी 'अर्थिंग बायपास' पिन विकायला असते ती घ्या म्हणलं, तर हात जोडून नको सांगा.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर लावून बघितलं, फेज-न्यूट्रल २१५, फेज ते अर्थ ९०-९५ आणि ते पण नाचत होतं. नीट अर्थिंग असेल तर फेज-अर्थ जवळपास फेज-न्यूट्रलएवढंच दिसतं आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. हे तीन आकडे तुम्ही केबल घ्यायच्या आधी गावी जाऊन मोजा, मल्टिमीटर नसेल तर कोणाचा तरी न्या, नाशिकमध्ये सातपूर-अंबडला काम करणारा एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. नुसत्या टेस्टरवर जाऊ नका, टेस्टर फेज दाखवतो, अर्थिंग आहे की नाही ते नाही.

मग आम्ही शेवग्याच्या झाडाजवळ खड्डा घेतला, पाइप गाडला, कोळसा-मीठ भरलं, तिथून तांब्याची वायर आणली. मीटरपासून ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी लाइन, २० अँपचा एमसीबी, ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे लिकेज झालं की सप्लाय तोडणारा खटका (टाइप ए मागा, दुकानदार न विचारता साधा एसी टाइप हातात देतो) आणि चांगल्या कंपनीचा १६ अँपचा सॉकेट. या सगळ्याला वेळ गेला एक दिवस आणि पैसे केबलच्या मानाने किरकोळ लागले. न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्टवर आलं, आणि गंमत म्हणजे घरातलं वॉशिंग मशीन हात लावला की झिणझिण्या द्यायचं ते पण थांबलं. सासूबाईंच्या दृष्टीने माझ्या गाडीचा हा एकमेव फायदा.

आता १० अँपचं. गावाकडे थ्री फेज आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात, लांबच्या डीपीवरून (गावचा ट्रान्सफॉर्मर) आलेल्या लाइनला व्होल्टेज पडतं, कधी १८० बघितलंय मी. अशा वेळी १५-१६ अँप सलग सात-आठ तास ओढणं म्हणजे जुन्या वायरीची परीक्षा. करंट १६ वरून १० वर आणला तर जोडांमधली उष्णता जवळपास ४० टक्क्यांवर येते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. आणि तोटा काय, तर १० अँपला २.३ किलोवॅट, लॉस धरून बॅटरीत तासाला दोन युनिट पडतात (किलोवॅट-अवर म्हणजे आपलं बिलावरचं युनिटच). रात्री नऊला लावली, सकाळी सातला काढली, वीस युनिट. माझी गाडी युनिटला साडेसहा-सात किलोमीटर देते म्हणजे १३० किलोमीटर. निफाड तुम्हाला जाऊन-येऊन ८०-८५ होत असेल. घाई कशाची आहे? खरं तर नाशिकहून फुल्ल करून निघालात तर गावी चार्जिंगची गरजच पडत नाही बऱ्याचदा, पण गावी गेलं की पिंपळगावला जा, लासलगावला जा हे होतंच, ते मान्य.

कंपनीची की बाहेरची याबद्दल. माझ्याकडे घरी कंपनीची आणि गावी बाहेरची आहे, बाहेरचीला तीन वर्षांत काही झालं नाही, पण ती मी हातात घेऊन बघून घेतली. पिनटॉप जड आणि घट्ट आहे का, डब्यावर अँप आणि आयपी नंबर छापलाय का (धूळ-पाणी किती अडवतो ते सांगणारा आकडा, ६५ च्या पुढचा असला तर बरा), बिल जीएसटीचं मिळतंय का, वर्षभराची वॉरंटी देणारा माणूस भारतात आहे का. आणि घ्यायच्या आधी सर्व्हिस सेंटरला व्हॉट्सअॅपवर लिहून विचारा की बाहेरच्या केबलने गाडीच्या वॉरंटीला काही अडचण येते का, उत्तर जपून ठेवा. तोंडी उत्तराला काही अर्थ नसतो. ते नाही म्हणाले तर निमूट कंपनीची घ्या, गाडीच्या किमतीपुढे तो फरक काही नाही.

अजून एक वाट आहे, इंदिरानगरच्या पार्किंगमध्ये सोसायटी परवानगी देत असेल तर तिथे भिंतीवरचा बॉक्स बसवून घ्या, म्हणजे सोबत आलेली केबल मोकळी होते आणि गावी ठेवायला नवीन घ्यावीच लागत नाही. सोसायटीची मीटिंग सहन करायची तयारी असेल तर.

वापरताना डबा सॉकेटला लटकत सोडू नका. त्याच्या वजनाने पिन खाली झुकते, आतली पत्ती सैल होते आणि तिथेच तापतं. एक खिळा मारून डबा त्याला अडकवा, पिनवर ओढ यायला नको. पहिल्या दिवशी तासाभराने पिनला हात लावून बघा, कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही, आणि उरलेली केबल वेटोळं करून ठेवू नका, मोकळी पसरा. गावी उंदरांचा त्रास असेल तर सोमवारी निघताना पत्र्याच्या पेटीत.

बिलाचं पण बघून घ्या. महावितरणचा घरगुती पहिला स्लॅब १०० युनिटचा, नानांचं बिल त्याच्या आत असायचं, मी महिन्यात चार रात्री गाडी लावली की ८० युनिट वाढून वरची युनिटं १०१ ते ३०० च्या दराने लागायला लागली. नाना बोलले काही नाहीत पण बिल टीव्हीवर ठेवलेलं होतं, मला दिसेल असं. आता तेवढे पैसे मी पाठवतो. आणि मळ्यातल्या मोटारीच्या कनेक्शनवर लावू का असं कोणी सुचवेल, साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला बिल माफ आहे ना म्हणून, तर तसलं काही करू नका, शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरली की २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ लागतं आणि ते कनेक्शन तुमच्या वडिलांच्या नावावर असणार.

गावी जाऊन ते तीन आकडे मोजले की इथेच खाली टाका, सॉकेटचा झाकण उघडलेला फोटो पण (मेन बंद करून), मग कोणती केबल घ्यायची ते बघू.