मुलीचा खतना टाळायचा आहे, घरात कसे सांगू?

प्रश्न : आम्ही दाऊदी बोहरा असून पुण्यात राहतो. माझी मुलगी यंदा सात वर्षांची होईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला मुंबईला आणा, खतना उरकून घेऊ, असे सासूबाईंनी फोनवर सांगितले. हल्ली डॉक्टरीणबाई दवाखान्यात जागा बधिर करून करतात, तुझ्या वेळेसारखे काही होत नाही, असेही त्या म्हणाल्या. मला आजीने आइस्क्रीमचे आमिष दाखवून नेले होते. पुढचे सगळे मला आठवते, पण मी ते नवऱ्यालाही कधी सांगितलेले नाही. मुलीच्या वाट्याला हे येऊ नये असे वाटते. मात्र घर मोडायचे नाही आणि जमातही सोडायची नाही. याविरुद्ध कायदा आहे का?
— एक आई, पुणे

उत्तर : आधी नवऱ्याशी बोला, आणि सुट्टी लागण्यापूर्वी बोला. हा विधी घरातल्या बायकाच परस्पर ठरवतात आणि उरकतात. पुरुषांना तो होतो एवढे ठाऊक असते, नेमके काय कापले जाते हे पुष्कळांना माहीत नसते. शिश्निकेवरची (क्लिटोरिस, जननेंद्रियाचा इवलासा संवेदनशील अवयव) त्वचा, कधी शिश्निकेचाही भाग, ब्लेडने काढला जातो, असे त्यांना स्वच्छ शब्दांत सांगा. स्वतःचा अनुभव सांगायचा की नाही हे सर्वस्वी तुमच्या मनावर आहे. ‘आमच्या मुलीचा खतना होणार नाही’ हे वाक्य मुलाच्या तोंडून आईपर्यंत गेले, तर सुनेवर एकटीने झुंजण्याची वेळ येणार नाही.

दवाखान्यात केल्याने ही कृती निर्धोक होत नाही. बधिर केल्याने त्या वेळची वेदना कमी होईल. पण सात वर्षांच्या मुलीचा तो अवयव इतका इवलासा असतो आणि वरची त्वचा त्याला इतकी चिकटलेली असते, की फक्त त्वचाच निघेल याची हमी कुणीही देऊ शकत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा त्रास आणि पुढे शरीरसंबंधात वेदना किंवा भीती हे धोके राहतातच. याचा आरोग्याला कोणताही फायदा नाही आणि डॉक्टरांनी हे करूच नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे.

सासूबाई धर्माचा आधार घेतील. तुम्ही ग्रंथांच्या वादात शिरू नका. सिडनीत याच प्रथेवरून खटला झाला आणि २०१६ मध्ये लंडन, सिडनी यांसारख्या शहरांतील बोहरा जमातींनीच आपल्या सभासदांना खतना करू नका, देशाचा कायदा पाळा, असे लेखी कळवले, हे त्यांना शांतपणे सांगा. तिथल्या मुली खतन्याविना जमातीत राहू शकतात, तर पुण्यातली का नाही?

या प्रथेचे नाव घेऊन बंदी घालणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. तथापि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, तिच्या सुनावणीत ही कृती तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेखाली व मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हाच ठरते, अशी भूमिका ॲटर्नी जनरल यांनी केंद्रातर्फे मांडली. २०१८ मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले. जमातीतून वाळीत टाकले जाण्याची तुमची भीती मी हलक्यात घेत नाही, कारण त्याची झळ कुणाकुणाच्या लग्नांपासून दफनापर्यंत पोहोचलेली आहे. पण महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

घरात निर्णय पक्का होईपर्यंत मुलीला मुंबईला एकटीला मुक्कामी ठेवू नका. चड्डीच्या आतल्या जागेला कुणी हात लावू लागले, मग ती व्यक्ती घरातली का असेना, तर ओरडायचे आणि आईला सांगायचे, हे तिला न घाबरवता शिकवा. आणीबाणीच्या वेळी चाइल्डलाइनचा १०९८ किंवा पोलिसांचा ११२ क्रमांक फिरवा.

तुमच्याविषयीही काळजी वाटते. इतकी वर्षे मनात दाबून ठेवलेल्या या गोष्टीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांची मदत अवश्य घ्या. बोहरा स्त्रियांनी पुढाकार घेऊन २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘साहियो’ या संस्थेत याच अनुभवातून गेलेल्या बायका भेटतील. तिथे तुम्हाला पहिल्यापासून काही समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न : मी मुंबईत दुसरीच्या वर्गाला शिकवते. एक बोहरा विद्यार्थिनी सुट्टीनंतर अबोल झाली आहे आणि लघवीला जायला घाबरते. तिला थेट विचारू का?
— एक शिक्षिका

उत्तर : थेट खतन्याचे नाव काढू नका, आणि ती बोहरा आहे म्हणून निष्कर्षही काढू नका, साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गातही अशी लक्षणे दिसतात. आईला बोलावून लघवीच्या त्रासाबद्दल सांगा व डॉक्टरांना दाखवायला सुचवा. मुलगी आपणहून बोलली, तर मध्ये न तोडता ऐका, तिचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा आणि शाळेच्या समुपदेशकांना कळवा. पॉक्सोखालील गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारक आहे. शिक्षक-खोलीत मात्र तिचे नाव कुणापाशीही काढू नका.