लंडनचं नाव आणि वडगावचे माग

प्रश्न : बाई, मी बेळगावच्या वडगावची. वय २४. शिवाजी विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम.ए. केलं, नेटची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, मिळालीय. डिसेंबरात अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांत पीएच.डी.साठी आणि लंडनला दोन ठिकाणी वर्षभराच्या मास्टर्ससाठी अर्ज केले. आजचा हिशेब असा : अमेरिकेतून तीन नकार, एक प्रतीक्षायादी आणि एका आडबाजूच्या राज्य विद्यापीठाचा होकार. तिथे पाच वर्षं फी माफ आणि दरमहा पैसे. लंडनहून एक होकार आलाय, नाव ऐकलं की माणसं भुवया उंचावतात. पण शिष्यवृत्ती नाही, फी आणि राहणं धरून चाळीस लाखांच्या वर जातं. दुसऱ्या ठिकाणाहून अजून काहीच नाही. बाबांचे चार माग आहेत. ते म्हणतात, "लंडनला जा, घर तारण ठेवूया की." आई म्हणते, "जा म्हणतो खरं, परत कधी येणार ही?" मी रात्री तीनला उठून मेल बघते. गल्लीत दिसेल तो विचारतो, "आलं काय गं?" प्रतीक्षायादीवरचं विद्यापीठच मला मनापासून हवं होतं. किती थांबू? काय निवडू? अर्जातलं निवेदन सोबत जोडलंय.
– एक वाचक, वडगाव

उत्तर : तुला ईमेलनं उत्तर आधीच गेलंय, कारण अंक हातात पडेतो एप्रिलची पंधरा तारीख उंबऱ्यावर आलेली असेल. इथे छापतोय ते आणखी तिघा-चौघांची अशीच पत्रं पडून आहेत म्हणून.

(बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी : या आईचं 'खरं' म्हणजे 'पण'. आणि आमच्याकडच्या बायका 'म्हणतो', 'जातो' असंच बोलतात.)

आधी रात्री तीनचं बघू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी पाचला, कचेरी बंद करता करता कुणी पत्रं धाडली, की वडगावात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, त्याआधी साडेतीन. म्हणजे तुझी वेळ अगदी बरोबर आहे, आणि तीच पंचाईत आहे. झोप म्हणून झोप येत नसते हे मला ठाऊक आहे. पण फोन रात्री मागाच्या खोलीत ठेव. मेल सकाळी सातला वाचला तरी त्यातलं अक्षर बदलत नाही.

आता ही पत्रं अशी तुटक तुटक का येतात ते सांगते, कारण तू प्रत्येक शांततेचा अर्थ लावत बसली आहेस. राज्यशास्त्राच्या बऱ्याच विभागांत पीएच.डी.ला वर्षाला दहा-वीस जणच घेतात. समितीत तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धान्त, अमेरिकी राजकारण अशा सगळ्या शाखांचे प्राध्यापक असतात आणि जागा त्यांच्यात वाटून जातात. दक्षिण आशियावर काम करणारा एकच प्राध्यापक असेल आणि तो पुढच्या वर्षी रजेवर जाणार असेल, तर तुझा अर्ज कितीही चांगला असला तरी बाजूला पडतो. नकाराच्या पत्रात हे लिहीत नाहीत. तिथे ठरावीक चार ओळी असतात, त्यात स्वतःचा दोष शोधायला गेलीस तर हवा तेवढा सापडेल.

होकार आधी जातात, नकार बहुधा शेवटी, आणि मधल्या शांततेत पुष्कळदा प्रतीक्षायादी असते. ही यादी हलते कशी? चार-चार होकार हातात असलेली मुलं मार्च-एप्रिलमध्ये विभागांना भेटी देऊन येतात, एक ठरवतात, उरलेले सोडतात. ती सोडतात तेव्हा तुझा नंबर लागतो. अमेरिकेतल्या काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव आहे की आर्थिक साहाय्यासह प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला भाग पाडायचं नाही. सह्या केलेल्या विद्यापीठांची यादी जाहीर असते. तुझं त्यात आहे का बघ. म्हणून खरी हालचाल एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, त्यातही शेवटच्या दोन-तीन दिवसांत होते. तिथली पंधरा तारीख संपते तेव्हा आपल्याकडे सोळाची सकाळ चांगली वर आलेली असते, पण त्या उसन्या तासांवर विसंबू नकोस, वीज जायची. लंडनला हा ठराव लागू नाही. तिथे अनामत भरायची तारीख वेगळी असेल, ती पत्रातच शोध.

तोवर यादीवरच्या विभागाला एक मेल लिही. आठ-दहा ओळींचा. मला अजून यायचंय, एवढ्यात अमुक लेख पुरा झाला, यादी कितपत हलण्याची शक्यता आहे? इतकंच. गयावया नको.

हे इतकं आग्रहानं सांगते याला कारण आहे. मी स्वतः विचारलं नव्हतं. १९८६ साली एका विद्यापीठात एम.फिल.साठी अर्ज केला होता. तो जून म्हणजे कानडीसक्तीविरोधी आंदोलनाचा जून. गावात कशाचाच नेम नव्हता. होकाराचं पत्र माझ्या हाती आलं ते फी भरायची मुदत उलटून चार दिवसांनी. मी पत्र घडी करून वहीत ठेवलं आणि रडून घेतलं. एक ट्रंककॉल करावा, तार करावी, हे सुचलंच नाही. 'नियम म्हणजे नियम' असं शिकवलेल्या घरातली मी. सात-आठ वर्षांनी एका चर्चासत्रात त्याच विभागातले एक गृहस्थ भेटले. बोलता बोलता म्हणाले, त्या वर्षी आमची एक जागा शेवटपर्यंत रिकामीच राहिली. चहा गार होईस्तोवर मी काही बोलले नाही.

आता पैशाचं. आपल्याकडे विद्येच्या जोडीनं पैशाचं विचारलं की माणूस हलका वाटतो. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांसाठी, परत येऊन बडोदा संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. शिष्यवृत्ती संपली तशी १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धं टाकून त्यांना परतावं लागलं. पुन्हा जाता आलं ते १९२० साली, सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेलं आणि शाहू महाराजांची मदत अशी जोड देऊन. त्यांच्यासारख्या माणसाच्या अभ्यासालाही पैशाची मुदत आडवी आली, तेव्हा तू मुदत विचारलीस तर कुणी नाव ठेवणार नाही.

म्हणून राज्य विद्यापीठाला हे विचार : पाच वर्षांची हमी लेखी आहे का, की दरवर्षी नव्यानं ठरणार? पैसे बारा महिने की नऊ? उन्हाळ्यात काय खायचं? आरोग्य विमा त्यात आहे का? फी माफ म्हटल्यावरही किरकोळ शुल्कं कापतात, ती किती? गेल्या सात-आठ वर्षांत इथून पीएच.डी. झालेली मुलं आज कुठे आहेत, आणि किती जण मध्येच सोडून गेले? शेवटचा प्रश्न प्राध्यापकांना विचारू नकोस, तिथल्या विद्यार्थ्यांना विचार, तेही फोनवर. मेलमध्ये सगळे गोड लिहितात. २०२५ च्या सुरुवातीला सरकारी निधीची अनिश्चितता आली तेव्हा काही अमेरिकी विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश कमी केले होते, त्याच साली मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या होत्या. तेव्हा होकार दिलास की कागदपत्रांना लगेच लाग. मुलाखतीला मुंबई किंवा हैदराबाद गाठायचंय, हेही धर.

लंडनचं मी स्पष्टच बोलते. ते वाईट नाही. पण एका वर्षाचा अभ्यासक्रम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि पुढच्या पीएच.डी.चे अर्ज डिसेंबरात भरायचे. म्हणजे ज्या नावासाठी घर तारण ठेवायचं, त्या नावाखालचा एकही निकाल, एकही प्रबंध तुझ्या अर्जात नसणार. शिफारसपत्र देणाऱ्यानं तुला जेमतेम दोन महिने पाहिलेलं असणार. एम.ए. तुझ्याकडे आहेच. आणि साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात, म्हणजे बाबा म्हणतायत ते घर खरोखरच जाऊन बसणार कागदावर. मागाचा धंदा कसा चाललाय ते मी तुला काय सांगू? वडगाव-शहापुरात माझं माहेर. बंद पडलेल्या मागांच्या जागी भाड्याच्या खोल्या झालेल्या मी पाहिल्यात.

शिष्यवृत्तीचं एक सीमाभागातलं दुखणंही सांगून ठेवते. महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांची जाहिरात आपण मराठी पेपरात वाचतो, आनंदतो, आणि अर्ज भरायला बसल्यावर अधिवासाचा दाखला आडवा येतो. तुझा दाखला कर्नाटकाचा. कर्नाटकाच्या योजना बघ, टाटा एन्डोमेंटची कर्जशिष्यवृत्ती बघ. भावनेवर पोसलेला अर्ज कचेरीत टिकत नाही.

तुझं निवेदन वाचलं. त्यात बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं तो १ नोव्हेंबर १९५६ आहे, सीमावादावरचा महाजन आयोग आहे, त्यानं सुचवलेला २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला हा आकडा आहे, महाराष्ट्राचा २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा आहे. दोन पानं आपली कैफियत आहे गं, पण प्रश्न अडीच ओळींचा. त्या तारखेच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीत मीही चाललेय, तेव्हा हे परकेपणानं म्हणत नाही. न्यूयॉर्कात किंवा टेक्सासात बसलेल्या समितीला आपला हक्क पटवायचा नसतो. दुसऱ्या कुणाला न पडलेला कोणता प्रश्न तुला पडलाय, तेवढं त्यांना हवं असतं. आणि तो तुझ्याकडे आहे! पान तीनवर, एका वाक्यात : ग्रामपंचायतीला एका बाजूनं आणि विधानसभेला दुसऱ्या बाजूनं मत देणारं तेच घर. यावर पाच वर्षं काढता येतील.

त्या आडबाजूच्या विद्यापीठातल्या बाईंनी झूमवर तुला विचारलं, "कन्नड वाचता येतं का?" हे तू पत्राच्या शेवटी, तक्रारीच्या सुरात लिहिलंयस. बोलता येतं, वाचताना अडखळते असं तू सांगितलंस आणि ओशाळलीस. मला विचारशील तर तुझ्या सातही अर्जांत मिळून तुला एवढाच एक खरा प्रश्न विचारला गेला. सीमाप्रश्नाचे अर्धे कागद कन्नडात आहेत हे त्या बाईंना कळतं. त्यांनी पान तीन वाचलंय. बाकीच्यांनी वाचलं का, देव जाणे.

म्हणून माझं मत : प्रतीक्षायादीसाठी १४ एप्रिलच्या रात्रीपर्यंत थांब. नंबर लागला तर तिथेही वरचे सगळे प्रश्न विचार, आणि तुझं काम कोण वाचणार हा सर्वांत आधी. नाही लागला तर पंधराला सकाळीच राज्य विद्यापीठाला होकार कळव. पहिल्या वर्षी संख्याशास्त्र शिकवतील, त्याला घाबरू नकोस. चार मागांचा हिशेब ठेवणारी मुलगी आहेस. लंडनला नकार आजच कळव, घरात तो विषय उघडा राहिला की बाबा बँकेत जाऊन येतील.

जेआरएफ फेकू नकोस. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये ही लहान रक्कम नाही, आणि हैदराबादला किंवा धारवाडला राहून हाच विषय उत्तम होऊ शकतो. पुरस्कारपत्रावर मुदत लिहिलेली असते, ती तारीख वहीत टिपून ठेव. अमेरिकेतून व्हिसाचं काही विपरीत झालं तर परतायला ही वाट आहे. आईला हे सांगितलंस तर तिचं 'खरं' थोडं सैल होईल.

आणि गल्लीत कुणी "आलं काय गं?" विचारलं तर "आलंय, वाचायलोय" म्हण.

प्रश्न : मॅडम, माझे सातही अर्ज नाकारले. वडिलांचा ऊस आहे. ते म्हणतात, तोड वेळेवर आली नाही की ऊस वाळतो, तसं तुझं वर्ष वाळलं.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : वडिलांना खोडव्याची आठवण दे. त्याच बुडख्यातून दुसरं पीक येतं, बी-लागणीचा खर्च नाही, पण खत वेळेवर घालावं लागतं. तुझी सातही ठिकाणं एकाच उंचीची होती, यादी पाहूनच कळतं; पुढच्या खेपेला तीन बदल. जूनच्या नेटला बस. आता पीएच.डी.चे प्रवेशही नेटच्या गुणांवर होतात, त्यामुळे ती मेहनत दोन्हीकडे लागेल. निवेदन मला पाठव, लाल शाई भरपूर आहे. आणि यंदा उसाला दर काय मिळाला तेही कळव, आमचाही दोन एकर उभा आहे.