डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ 38 जीबी म्हणतं, फोल्डरमधल्या फाइली मोजणारं डीयू 14 म्हणतं. मधले 24 जीबी गेले कुठं?

भाऊ, रीबूट करू नका. निदान भर दुपारी, काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना तर नकोच.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: धंतोलीतल्या ऑफिसात लिनक्स सर्व्हर, लॉग वगैरे जिथं साठतात त्या /व्हार फोल्डरसाठी 40 जीबीचं वेगळं पार्टिशन, एक्स्ट-फोर प्रकारच्या फाइलसिस्टिमचं. सकाळी ते 100 टक्के भरलं. तुम्ही /व्हार/लॉगमधली बिलिंग सॉफ्टवेअरची 24 जीबीची एकच लॉग फाइल (प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती) आरएम ही फाइल काढायची कमांड मारून उडवली. फाइल दिसेनाशी झाली, पण डीएफ अजूनही 38 जीबी वापरात दाखवतं आणि डीयू फक्त 14 मोजतं. बिलिंग रडतखडत चालू आहे. आता डिस्क खराब झाली का, अशी तुम्हाला शंका.

डिस्कला काही झालेलं नाही. सातबाऱ्यावरून नाव उडवलं म्हणून शेतावरचा कब्जा सुटतो का? तसंच आहे हे. आरएम फक्त फोल्डरमधली नोंद काढतं. बिलिंगच्या प्रोग्रामनं ती फाइल उघडून धरली आहे आणि तो सोडेपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिची डिस्कवरची जागा मोकळी करत नाही. डीयू नोंदी चालत जाऊन मोजतं, म्हणून त्याला ती फाइल दिसत नाही. डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारतं, म्हणून त्याला दिसते. दोघंही खरंच बोलतायत. आणि 38 ला 100 टक्के काऊन, तर एक्स्ट-फोर मुळातच 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवतं. तुमच्याकडं ते 2 जीबी. रूटचे प्रोग्राम त्यात अजून लिहू शकतात, बाकीच्यांना ‘जागा शिल्लक नाही’ असं उत्तर मिळतं.

आता एलएसओएफ ही उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड चालवा, पुढं अधिकचं चिन्ह, कॅपिटल एल आणि 1. ज्या उघड्या फाइलींची नोंदच उरलेली नाही, तेवढ्याच दिसतील. तुमची ओळ लगेच ओळखू येईल: प्रोग्रामचं नाव, पीआयडी म्हणजे चालू प्रोग्रामचा क्रमांक, एफडीच्या रकान्यात उघड्या फाइलीचा आकडा आणि त्याला चिकटलेला डब्ल्यू (लिहिण्यासाठी उघडलेली), आकार 24 जीबीच्या आसपास, शेवटी ‘डिलीटेड’. पीआयडी आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. फाइल अजून /प्रॉक/पीआयडी/एफडी/आकडा या वाटेनं हाती लागते. आधी तिच्या शेवटच्या 5000 ओळी टेलनं काढून दुसऱ्या पार्टिशनवर ठेवा. हा पंचनामा; तो केल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण भरायचं कारण त्यातच असतं. मग त्याच वाटेवर ट्रंकेट चालवून आकार शून्य करा. डीएफ तिथल्या तिथं खाली येईल, प्रोग्रामही चालू राहील. मात्र यापुढचा लॉग त्या बेवारस फाइलीतच जात राहील, म्हणून रात्री दुकान बंद झालं की फक्त ती सर्व्हिस रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी चालू लॉग आरएम करायचाच नाही, जागेवर रिकामा करायचा.

यानंतरही लॉगचा आकार ‘एलएस’मध्ये (फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) प्रचंड आणि डीयूमध्ये चिमूटभर दिसला तर दचकू नका. प्रोग्रामनं फाइल अपेंड पद्धतीनं, म्हणजे नेहमी शेवटाला जोडायची म्हणून, उघडलेली नसली, की तो जुन्याच जागेवरून पुढं लिहितो आणि मधे पोकळी राहते. पोकळी डिस्कवर जागा खात नाही.

आता खरं दुखणं. 24 जीबी लिहिलं कोणी आणि कशासाठी? आमच्याकडं नवतप्यात एकदा रात्री लाइट गेली. डेटाबेसची मशीन दुसऱ्या इन्व्हर्टरवर होती, ती उठलीच नाही. ॲप्लिकेशन मात्र इमानदारीनं दर काही मिलिसेकंदांनी कनेक्शन मागत होतं आणि प्रत्येक नकाराची एक ओळ लिहीत होतं. ओळ 200 बाइटची, सेकंदाला 500 वेळा. करा हिशेब, दिवसाला साडेआठ जीबीच्या वर. मी दोन दिवस लॉगरोटेटशी (भरलेला लॉग बाजूला करून नवा सुरू करणारं, म्हणजे फाइल ‘फिरवणारं’ साधन) भांडत बसलो, आणि डेटाबेसकडं कोणी पाहिलंच नव्हतं! तेव्हापासून आधी त्या 5000 ओळींतला वेळेचा भाग कापतो, सॉर्ट करतो, युनिकनं मोजतो. बहुतेक वेळा एकच ओळ सगळ्यांच्या वर येते. कधी ती एरर असते, कधी कोणीतरी डीबग लेव्हल, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहायची सेटिंग, चालू करून घरी गेलेला असतो.

लॉगरोटेट त्यानंतर. ‘साइज 100 एमबी’ लिहिलं म्हणजे 100 एमबी झाल्याबरोबर फाइल फिरते, असा पुष्कळांचा समज आहे. ते दिवसातून एकदा चालतं, आकारही तेव्हाच बघतं. जोरात वाढणाऱ्या लॉगसाठी ते दर तासाला चालवायला हवं. फाइल फिरवल्यावर प्रोग्रामला ‘नवी फाइल उघड’ असा सिग्नल लॉगरोटेटच्या सेटिंगमधल्या पोस्टरोटेट भागात द्यावा लागतो, नाहीतर तो नाव बदललेल्या जुन्या फाइलीतच लिहीत राहतो. प्रोग्रामला सिग्नल समजत नसेल तर कॉपीट्रंकेट आहे, म्हणजे लॉगची नक्कल काढून मूळ फाइल रिकामी करायची, पण नक्कल आणि छाटणी यांच्या मधल्या काही ओळी हरवू शकतात, आणि नक्कल करायला तेवढी मोकळी जागाही लागते. मला तो पर्याय आवडत नाही, तरी नाइलाजानं वापरतो. फोल्डरची परवानगी ढिली असेल तर लॉगरोटेट ती फाइल सरळ टाळतं. लॉगरोटेटला ‘उणे डी’ लावून प्रत्यक्ष काही न बदलणारी कोरडी चाचणी घ्या, म्हणजे ते काय म्हणतंय ते दिसेल.

लिनक्सचे स्वतःचे लॉग साठवणाऱ्या जर्नलडीकडंही एकदा बघा. मर्यादा दिली नसेल तर ते फाइलसिस्टिमच्या 10 टक्क्यांपर्यंत जातं, कमाल 4 जीबी. म्हणजे तुमच्याकडं पुरते 4. त्याच्या सेटिंगमधलं सिस्टिममॅक्सयूज 500 एमबी ठेवलं तरी चालेल. डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) असेल तर कंटेनरच्या जेसन लॉगला आपोआप लगाम नसतो, मॅक्स-साइज स्वतः द्यावा लागतो.

‘फक्त 7 दिवसांचे लॉग ठेवतो’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय, त्यावर थांबा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग 180 दिवस जपायचे आहेत, तेही भारतातच. जुने लॉग जीझिपनं दाबून दुसऱ्या मशीनवर हलवा. एकसारख्या ओळींचा मजकूर दाबला की अगदी थोडक्यात मावतो, त्यामुळे जागेची कुरकुर होणार नाही.

पंचनाम्यातली सगळ्यात जास्त वेळा आलेली ओळ इथं टाका, आयपी आणि गिऱ्हाइकांची नावं खोडून. ती बघितल्यावर पुढचं बोलू.